सत्याग्रही घरी परततो तेव्हा

(युवक शिबिराच्या शेवटच्या रात्री झालेलं भाषण. बोललं गेलं तसंच ठेवलं आहे. मधल्या चहाच्या सूचना तेवढ्या गाळल्या आहेत.)



मला दिलेला विषय फळ्यावर लिहिलाय. 'अहिंसक प्रतिकार, हिंदू धर्मश्रद्धा आणि स्वातंत्र्यलढा.' विषय जड आहे. परीक्षेत वीस मार्कांना येतो तसला. पण काल रात्री जेवणं झाल्यावर त्या कोपऱ्यात जी बाचाबाची झाली ती मी ऐकत पडलो होतो. म्हातारा झोपला असं तुम्हांला वाटलं. आपल्यातल्या एका पोराच्या गावात चौदा एप्रिलची मिरवणूक यंदा मधल्या रस्त्यानं न्यायची ठरलीय. आजवर ती वस्तीतून निघते, वस्तीतच फिरते नि वस्तीतच विरते. मधला रस्ता म्हणजे वेशीतून, मारुतीच्या समोरून, बड्या वाड्यांच्या दारावरून. रस्ता सरकारी. डांबर सरकारी. पण मिरवणूक म्हटली की तो एका रात्रीत गावाच्या बापाचा होतो.

तुमच्यातले अर्धे म्हणत होते, इथून दोन ट्रक पोरं भरून नेऊ, काठ्या घेऊ, बघू कोण अडवतो. अर्धे म्हणत होते, शांततेनं जाऊ, अडवलं तर रस्त्यात बसू, सत्याग्रह करू. त्यावर एकजण म्हणाला, सत्याग्रह ही गांधीची भानगड आहे, आपल्याला काय करायचीय? तिथंच मी उठून बसणार होतो. पण म्हटलं उद्या माईक आपल्याच हातात आहे.

तर फळ्यावरचा विषय आणि कोपऱ्यातला तंटा मला एकच दिसतो.

पहिली गोष्ट, सत्याग्रहावर कुणाच्या बापाचा सातबारा नाही. शब्द गांधींचा, कबूल. दक्षिण आफ्रिकेत ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एका नाटकगृहात तिथल्या हिंदी लोकांची सभा भरली. बोटांचे ठसे देऊन नावं नोंदवा, असा कायदा येत होता. तो पाळायचा नाही, अशी शपथ त्या सभेत घेतली गेली. देवाला साक्षी ठेवून शपथ घ्या, ही सूचना केली शेठ हाजी हबीब यांनी. म्हणजे जन्माला आला तेव्हा सत्याग्रहाच्या गळ्यात जानवं नव्हतं. नावसुद्धा नंतर पडलं. इकडे आल्यावर त्याला सोवळं नेसवलं गेलं. उपवास, प्रायश्चित्त, आत्मशुद्धी, रामराज्य. गावोगावच्या हिंदू माणसाला ही भाषा कळत होती, म्हणून तो हलला, हेही खरं. इंग्रजाविरुद्ध ती भाषा चालून गेली. इंग्रज काही एकादशी धरत नव्हता, त्याला फक्त तुरुंग भरलेले दिसत होते.

पण जिथं समोर इंग्रज नाही, शेजारचाच हिंदू आहे, तिथं काय झालं? हे बघायला आधी लांब जाऊ. केरळात. कारण तिथला तंटासुद्धा रस्त्याचाच होता.

त्रावणकोर संस्थानात वैकम नावाचं गाव. मधोमध महादेवाचं देऊळ, देवळाभोवती चार बाजूंनी रस्ते. देवळात जाणं सोडा, त्या रस्त्यांवरूनही पुलया नि एळवा जातीच्या माणसानं चालायचं नाही. कुत्रं चाललं तर चालतंय. ३० मार्च १९२४ ला तिघेजण निघाले. एक पुलया, एक एळवा, एक नायर. पोलिसांनी जात विचारली. नायराला म्हणाले, तू जा. तो म्हणाला, जाणार तर तिघं. तिघांनाही धरलं. रोज नवे तिघं. पुढं पुढं तर धरणंही बंद केलं, नुसते अडथळे टाकून उभं ठेवलं. पावसाळ्यात पूर आला तेव्हा माणसं कमरेएवढ्या पाण्यात त्या अडथळ्यासमोर उभी राहिली. तामिळनाडूतून पेरियार आले, दोनदा तुरुंगात गेले. जॉर्ज जोसेफ नावाचा ख्रिस्ती कार्यकर्ता पुढं होता. गांधींनी त्याला कळवलं की हा हिंदूंचा प्रश्न आहे, हिंदूंनाच प्रायश्चित्त घेऊ दे, तू बाजूला हो. पंजाबातून शीख आले होते, लंगर चालवत होते. तेही त्यांना नको झालं.

इथं थांबा जरा. रस्ता चालायचा माणसानं. मार खायचा त्यानं. पुरात उभं राहायचं त्यानं. पण हा प्रश्न कुणाचा, तर पाप करणाऱ्याच्या आत्म्याचा! चालणाऱ्याच्या पायाचा नाहीच. आमच्या अंगावरचे वळ हे तुमच्या प्रायश्चित्ताचं साहित्य झालं.

मार्च १९२५ मध्ये गांधी स्वतः वैकमला गेले. तिथला मोठा नंबुद्री जमीनदार भेटायला येईना, म्हणून तेच त्याच्या दारी गेले. गांधी बनिया, म्हणजे त्याच्या लेखी ब्राह्मण नव्हेत, म्हणून त्यांना घरात न घेता बाहेरच्या मांडवात बसवलं. बोलणं झालं. नंबुद्रींचं म्हणणं सरळ होतं. ही माणसं पूर्वजन्मीच्या कर्मानं त्या जातीत जन्मली, ती त्याचं फळ भोगताहेत. गांधींनी परोपरीनं विचारलं, शिक्षा देवानं द्यायची की तुम्ही? काही हललं नाही.

हृदयपरिवर्तन कुणाचं होतं? ज्याला आपण चुकतोय असं कुठंतरी आत वाटतं त्याचं. दरोडेखोराचंही होऊ शकतं, कारण दरोडा पाप आहे हे त्याला ठाऊक असतं. ज्याला वाटतं की तुला रस्त्यात अडवून मी पुण्य करतोय, धर्म राखतोय, त्याच्यासमोर तुम्ही कितीही मार खा. त्याला वाटणार, बघा, भोगतोय बिचारा.

वैकमचा शेवट कसा झाला? रस्ते खुले करा हा ठराव संस्थानच्या कौन्सिलात बावीस विरुद्ध एकवीस असा एका मतानं पडला होता. शेवटी नोव्हेंबर १९२५ ला तडजोड झाली. तीन बाजूंचे रस्ते सगळ्यांना, पूर्वेचा राखीव. वीस महिने उभं राहून पाऊण रस्ता. देवळं उघडली ती १९३६ साली. आणि त्या नंबुद्रीचं ते घर, जिथं गांधींना बाहेर बसवलं, तिथं पुढं ताडी काढणाऱ्या कामगारांच्या युनियनचं ऑफिस थाटलं. हे मला फार आवडतं. हृदय बदललं नाही, पण घराचा मालक बदलला.

आता महाड. तुम्हांला वाटेल, महाड आम्हांला पाठ आहे. पाठ आहे म्हणूनच त्यातली एक साधी गोष्ट निसटते.

मुंबई कौन्सिलात सी. के. बोल्यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ ला पास झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले नि ओंजळीनं पाणी प्याले, तेव्हा त्यांनी कुठला कायदा मोडला? कुठलाच नाही. उलट पाळला. गांधींचा सत्याग्रह कायदा मोडत होता, आमचा सत्याग्रह कायदा पाळत होता. आणि कायदा पाळल्याबद्दल डोकी फुटली.

वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवली गेली, जेवत असलेल्या, गावाकडं परत निघालेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. त्या दिवशी महाडात आपली माणसं काही मेंढरं नव्हती. कितीतरी जण पलटणीतून आलेले, लढाया पाहिलेले. बाबासाहेबांनी त्यांचे हात धरले. हे हात धरणं म्हणजे दुबळेपणा नव्हे. एका शब्दासरशी गाव पेटलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी खेड्याखेड्यातल्या एकेकट्या घरांवर त्याचा सूड निघाला असता. बाबासाहेब महाडकडं बघत नव्हते, त्या एकेकट्या घरांकडं बघत होते. मग तळं बाटलं म्हणून शेण, गोमूत्र, दही, दूध ओतून शुद्ध केलं गेलं, एकशेआठ घागरी काढून. नगरपालिकेनं आपला ठरावही मागं घेतला.

गांधींनी 'यंग इंडिया'त लिहिलं की आंबेडकरांनी ठरावाची परीक्षा घेतली हे बरोबरच केलं, अस्पृश्यांनी संयम दाखवला तो मोठा. आपल्या भाषणांतून हे सांगितलं जात नाही, म्हणून मी सांगतो. खोटं बोलून मोठं व्हायची आपल्याला गरज नाही. डिसेंबरात परिषद पुन्हा भरली. सवर्ण जागा देईनात तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानानं मांडवाला जमीन दिली. त्या मांडवात एकच फोटो लावला होता, तो गांधींचा. आदल्या महिन्यात 'बहिष्कृत भारता'त बाबासाहेबांनी सत्याग्रहाला आधार म्हणून दाखला दिला तो गीतेचा. होय, गीतेचा. टिळकांना तिच्यात कर्मयोग सापडला, गांधींना अहिंसा, आणि फाशीला जाताना नथुरामच्या हातातही तीच होती. ती असली वस्तू आहे. बाबासाहेबांनी ती अशी बाजूनं वापरून पाहिली, आणि महिन्याभरात २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. पुढं त्यांनी गीतेची जी चिरफाड केली ती तुम्ही वाचा, मी सांगत बसत नाही.

मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला गंगाधरपंत सहस्रबुद्ध्यांनी, जातीनं ब्राह्मण. तळ्यावर पुन्हा जायला हजारोंनी नावं नोंदवली होती, तुरुंगाची तयारी ठेवून. पण सवर्णांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवला. माणसं नाराज झाली, तळ्याभोवती मिरवणूक काढून परतली. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीला दहा वर्षं.

आता नाशिक. इथं मला माझ्या घरातलं सांगायचंय.

२ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड पुढं होते. गांधी साबरमतीहून दांडीला निघाले १२ मार्चला. दहा दिवस नंतर. पुस्तकांत दांडीला आठ पानं नि नाशिकला दीड ओळ, म्हणून तारखा ध्यानात ठेवा. पहिल्या तुकडीत सव्वाशे पुरुष नि पंचवीस बाया चार दरवाजांवर जाऊन बसल्या. दरवाजे आतून बंद. बाहेर पोलिसांचा तंबू. म्हणजे बघा, जो इंग्रज पोलीस मे महिन्यात धारासण्याला मीठवाल्यांची डोकी फोडणार होता, तोच इथं रामाचा दरवाजा राखत होता! १८५८ ला राणीनं जाहीरनामा काढला होता, तुमच्या धर्मात आम्ही हात घालणार नाही म्हणून. त्यातला धर्म कुणाचा, ते नाशिकला कळलं. राज्य आणि देऊळ भांडतात असं आपल्याला शिकवतात. आमच्यापुरते ते कधी भांडले नाहीत.

६ एप्रिलला दांडीला मीठ उचललं. ९ एप्रिलला नाशकात रामाचा रथ निघायचा होता. ठरलं होतं की स्पृश्य-अस्पृश्य दोघांनी मिळून ओढायचा. आपली माणसं दोराला हात घालायच्या आत रथ पळवून नेला. मग दगड पडले.

माझा आजा तिथं होता. सिन्नर तालुक्यातलं गाव, नाव सांगत नाही, आजही तिथं आमची भावकी राहते. दरवाजावर बसायच्या तुकडीत त्याची पाळी दोनदा आली. दगड लागून कानाची पाळी फाटलेली, ती शेवटपर्यंत तशीच. त्यानं कुणावर हात उगारला नाही. तो काही अहिंसेचं तत्त्वज्ञान वाचलेला नव्हता. दादासाहेबांनी सांगितलं, हात उचलायचा नाही, म्हणून नाही उचलला. रथाच्या दंग्यानंतर तो गावी परत आला. आणि खरा सत्याग्रह तिथं सुरू झाला.

आज्जी सांगायची ती तिच्याच शब्दांत सांगतो. "तुझा आजा आला तवा कुणी काय बोललं न्हाई. मारलं बी न्हाई. दुसऱ्या दिशी म्या मीठ आणाया गेले, तर दुकानदार म्हनला, मीठ सरलं. पोतं तर समोर व्हतं. म्या म्हनलं, ते काय? तो म्हनला, ते गावाचं हाय."

दोस्तहो, त्या महिन्यात सगळा देश मीठ उचलत होता. शिरोड्याला, वडाळ्याला, जिथं खारं पाणी तिथं. आणि माझ्या आज्जीच्या चुलीवर अळणी कालवण शिजत होतं. इंग्रजाच्या कायद्यानं नव्हे. तिनं पुढं आयुष्यभर मिठाची बरणी कधी रिकामी होऊ दिली नाही. निम्मी झाली की भर. आम्ही पोरं हसायचो.

मिठापाठोपाठ काम बंद, वाट बंद, विहिरीकडची पायवाट काट्या टाकून बंद. पोरांना शाळेतून हाकललं. असं एकाच गावात झालं नाही. नाशिकच्या सत्याग्रहात गेलेल्या गावोगावच्या माणसांचं हेच झालं. बारा महिन्यांत आजानं बिऱ्हाड पाठीवर घेतलं नि मुंबई गाठली. गिरणीत लागला. तिथंही साच्यावर घेईनात, कारण कांडीतला धागा तोंडानं ओढावा लागतो, म्हणजे विटाळ. रिंगखात्यात ठेवला. म्हणून मी मुंबईचा.

आता माझं म्हणणं ऐका, त्यासाठीच एवढं बोललो.

मिठाच्या सत्याग्रहात जो तुरुंगात गेला तो शूर होता, याबद्दल वाद नाही. त्यानं लाठ्या खाल्ल्या, जप्त्या सोसल्या. पण सुटला तेव्हा तो घरी गेला. स्टेशनवर माणसं होती, गळ्यात हार होता, गावानं ओवाळलं. त्याच्या पाठीशी गाव होतं, समोर सरकार. आमचा सत्याग्रही परत येतो तेव्हा घरीच त्याची शिक्षा सुरू होते. कारण ज्याच्याविरुद्ध त्यानं सत्याग्रह केला, त्याच्याच विहिरीवर, त्याच्याच दुकानात, त्याच्याच बांधावर त्याला जायचंय. इंग्रज लंडनला परत जाणार होता. पाटील कुठं जाणार? अहिंसक लढ्याला पाठीमागं घर लागतं, दोस्तहो. १९३१ च्या ऑगस्टात मणिभवनात गांधींची भेट झाली, तेव्हा बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं होतं की मला मायभूमीच नाही. ते नुसतं रागाचं बोलणं नव्हतं. माझ्या आज्जीच्या दुकानातला तो हिशेब होता.

हा हिशेब येरवड्याला पुरा उघडा पडला. १९३२ च्या ऑगस्टात जातीय निवाडा आला. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ, शिवाय सर्वसाधारण जागेवर दुसरं मत. गांधींनी २० सप्टेंबरला प्राणांतिक उपोषण सुरू केलं. कागदावर ते ब्रिटिश सरकारविरुद्ध होतं. पण देशभरातून तारा कुणाला आल्या? धमक्या कुणाला? गांधी गेले असते तर व्हाइसरॉयच्या बंगल्यावर कोण चाल करून जाणार होतं? महारवाडे, मांगवाडे, चेऱ्या, पुलयांच्या झोपड्या सापडल्या असत्या. उपाशी राहणारा एक माणूस नि पणाला लागलेली लाखो घरं. तो त्यांचा हेतू होता असं मी म्हणत नाही. पण शस्त्र हातात घेणाऱ्यानं त्याची दुसरी धार कुणावर आहे ते बघायला पाहिजे, मग ते शस्त्र उपवासाचं का असेना. बाबासाहेबांनी २४ तारखेला सही केली. जागा एकाहत्तरच्या एकशेअठ्ठेचाळीस झाल्या, आणि आपला माणूस आपणच निवडायचा हक्क गेला. महाडला त्यांनी ज्या घरांसाठी हात धरले होते, त्याच घरांसाठी इथं सही केली.

मग हरिजन फंड, हरिजन दौरा. त्या दौऱ्यात सनातन्यांनी गांधींना काळी निशाणं दाखवली. जून १९३४ मध्ये पुण्यात त्यांच्या मोटारीच्या रोखानं बाँब टाकला गेला. म्हणजे सनातन्याला ते आपले वाटत नव्हते, आणि आम्हांलाही नाहीत. त्याच साली जानेवारीत बिहारात भूकंप झाला, हजारो माणसं गाडली गेली. गांधी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा. टागोरांनी जाहीर हरकत घेतली. मी तर विचारतो, त्या भूकंपात जी दुसाधांची नि मुसहरांची घरं पडली त्यांनी कुठलं पाप केलं होतं? नंबुद्री म्हणत होता पूर्वजन्माचं फळ, गांधी म्हणाले या जन्माचं. हिशेबाची वही तीच, फक्त पान उलटलं.

तरी एक माणूस मी बाजूला काढून ठेवतो. साने गुरुजी. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला विठोबाचं देऊळ खुलं व्हावं म्हणून ते दहा दिवस उपाशी राहिले. त्यांचा उपवास बडव्यांवर होता, आपल्याच जातवाल्यांवर. त्यात मेले असते तर त्याचा सूड आमच्यावर निघणार नव्हता. सवर्णानं करायचा सत्याग्रह असला तर तो असा. विठोबा आम्हांला नकोय, ते वेगळं. बाबासाहेबांनीही दादासाहेबांना कळवलंच होतं की देवळाचा लढा मूर्ती पुजायला केलेला नव्हता, माणसं जागी करायला केला होता. काम झालं तसा थांबवला. १९३५ ला येवल्यात सांगितलं, हिंदू म्हणून मरणार नाही. घर मिळत नाही तर घराण्याचं नाव तरी कशाला लावा?

आता कुणी म्हणेल, मग सत्याग्रह सोडायचा? घटनासमितीत २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनीच सांगितलं ना, आता रक्तपातही नको नि सत्याग्रह-असहकारही नको, सनदशीर मार्ग खुला आहे. सांगितलं. मार्ग खुला असेल तर, हेही त्यातच आहे. म्हणून त्यांच्यानंतर ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेबांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभा केला, लाखो माणसं तुरुंगात गेली. मागणी काय, तर पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. त्यात देव नाही, प्रायश्चित्त नाही, कुणाचं हृदय बदलायचं नाही. सातबारा बदलायचा. काळारामच्या दरवाजापासून जमिनीच्या तुकड्यापर्यंत यायला दादासाहेबांना चौतीस वर्षं लागली, पण ते बरोबर ठिकाणी आले. जमीन म्हणजे परतायला घर.

आणि आपली चूकही सांगतो, कारण मी त्या पिढीतला धाकटा आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. मुंबईत आम्ही गुलाल उधळला. मी शाळकरी पोरगा, दोन रात्री नाचलो. तिसऱ्या दिवशी बातम्या आल्या. ठराव मुंबईत नि राख मराठवाड्यात. नांदेडकडच्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. ज्यांची घरं जळली त्यातल्या कितीतरी जणांनी विद्यापीठाचं दारही पाहिलं नव्हतं. पुढं लाँग मार्च झाले, माणसं तुरुंगात गेली, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. तो लढा करायलाच पाहिजे होता. पण त्या पहिल्या आठवड्यात आम्ही शहरातले त्या गावांत नव्हतो. घोषणा आमची होती, छप्पर त्यांचं होतं.

म्हणून दोन ट्रक पोरांबद्दल बोलू. ट्रक चौदाला जाणार, काठ्या नाचवणार, पंधराला सकाळी दादर. सोळाला त्या पोराची आई दळण घेऊन गिरणीवर जाईल. तिला कोण म्हणेल, गिरणी बंद हाय? तेव्हा तुमची काठी कुठं असेल? आणि शांततेवाले हो, तुम्हीही फार खूश होऊ नका. मधल्या रस्त्यात बसून घोषणा दिल्या, फोटो काढले, पोलिसांनी गाडीत घातलं, संध्याकाळी सोडलं. तुमचा सत्याग्रह झाला. त्या आईचा सुरू झाला.

मिरवणूक मधल्याच रस्त्यानं जाईल. त्यात तडजोड नाही. रस्ता आपला आहे, कायदा आपल्या बाजूला आहे, महाडलाही होता. हात उचलायचा नाही. अडवलं तर बसायचं, उठवलं तर पुन्हा बसायचं. पण तयारी चौदाची नको, पंधरापासून पुढची करा. पोलीस परवानगीचा अर्ज आत्ताच द्या, पोच घ्या, एक प्रत जिल्ह्याला पाठवा. वस्तीतल्या घरांची यादी करा, कोण कुणाच्या शेतावर कामाला जातं, किराणा कुठून येतो, दळण कुठं होतं, पाणी कुठलं, दूध कुठं घालतात. बहिष्कार पडला तर अॅट्रॉसिटी कायद्यात तो गुन्हा आहे, पण फिर्याद लिहायला कुणीतरी ठाण्यात शेवटपर्यंत बसून राहावं लागतं. तालुक्याहून महिनाभराचा किराणा आणून वस्तीत ठेवायचा. पहिलं पोतं मिठाचं, ते माझ्याकडून.

आणि माणसं राहायला पाहिजेत. मिरवणुकीला येणारे शंभर मिळतील. मला चौदानंतर महिनाभर आळीपाळीनं त्या वस्तीत राहणारी बारा पोरं-पोरी पाहिजेत. चौघांची एक तुकडी, दहा दिवस. नोकरीवाल्यांनी रजा बघून सांगा. ज्याच्या घरून परवानगी नाही त्यानं आत्ताच सांगावं, त्यात लाज नाही. त्या पोराच्या आईशी मी काल फोनवर बोललोय. ती म्हणाली, या, पण रिकाम्या हातानं भाषणं करायला येऊ नका.

पहिल्या तुकडीत मी आहे. वही दारापाशी, चहाच्या टेबलावर ठेवलीय. तीन नावं कमी आहेत.